फाइल सिस्टीम निवडताना भीती कशाची आहे ते आधी ठरवा

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकताय, इन्स्टॉलरमध्ये भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, टाइमझोन झाला, सगळं छान चाललंय, आणि मग एकदम ती स्क्रीन येते जिथे बहुतेक जण डोळे मिटून नेक्स्ट दाबतात. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, अजून दोनचार अगम्य नावं, सगळी फाइल सिस्टीमची. गंमत बघा, भाषा चुकली तर नंतर दोन मिनिटात बदलता येते, टाइमझोनचंही तसंच, पण ही एक गोष्ट चुकली तर सगळा डेटा बाहेर काढा, फॉरमॅट करा आणि परत पहिल्यापासून. म्हणून आज याच एका स्क्रीनवर बोलूया.

डिस्कला फाइल वगैरे काही कळत नाही हो. तिला फक्त नंबर दिलेले ब्लॉक कळतात. कुठले ब्लॉक कुठल्या फाइलचे, नाव काय, मालक कोण, हा सगळा हिशेब जी वही ठेवते ती फाइल सिस्टीम. लोक पहिला प्रश्न विचारतात की फास्ट कुठली. रोजच्या ब्राउझर-डॉक्युमेंट-सिनेमा वापरात तो फरक तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. मी उलटा प्रश्न विचारतो, तुम्हाला भीती कशाची आहे? लाइट जायची, डिस्क गुपचूप खराब व्हायची, की स्वतःच्या हाताची?

लाइटपासून सुरू करू. १९९३ ची ईएक्सटी२ होती तिच्यात जर्नल नव्हतं. मधेच लाइट गेली की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना सगळी डिस्क तपासत बसायचं, आणि डिस्क मोठी असेल तर तुम्ही जेवून या, झोपून या. ईएक्सटी३ २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, आली आणि तिने या घराण्यात जर्नल आणलं. जर्नल म्हणजे आपली जुनी कीर्द. आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत. नोंद करता करता लाइट गेली तर कीर्द बघायची, अर्धवट राहिलेलं पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं, काही सेकंदात काम झालं. पण इथे एक मेख आहे. डिफॉल्ट सेटिंगला कीर्दीत फक्त हिशेबाची नोंद जाते, तुमच्या फाइलमधला मजकूर नाही. २००८ च्या शेवटी ईएक्सटी४ स्थिर म्हणून जाहीर झाली, तिने वेगासाठी मजकूर डिस्कवर उतरवणं थोडं लांबवलं, आणि मग २००९ मध्ये बोंबाबोंब सुरू झाली की मशीन क्रॅश झाल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या सापडतायत. फाइल सिस्टीम बनवणारे म्हणाले की प्रोग्रामनी मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री करून घ्यायला हवी होती, प्रोग्रामवाले म्हणाले जुन्या सिस्टीमवर तर चालत होतं. शेवटी कर्नलमध्ये तोडगा टाकला गेला. नियमाने फाइल सिस्टीमवाले बरोबर होते, पण ज्याची फाइल गेली त्याला नियमाचं काय.

दुसरी भीती जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. डिस्कवर एखादा बिट आपोआप उलटतो, आणि डिस्क काही न बोलता चुकीचा डेटा देते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस आता स्वतःच्या हिशेबाचं चेकसम, म्हणजे डेटा बदलला का ते पडताळायचा आकडा, ठेवतात, तुमच्या फोटोंचं नाही. बीटीआरएफएस आणि झेडएफएस डेटाचंही ठेवतात, वाचताना जुळलं नाही तर सरळ एरर देतात. मग लोक ओरडतात की बीटीआरएफएसने फाइल खराब केली! अहो तिने खराब केली नाही, खराब झालेली पकडली. दुसऱ्या डिस्कवर आरसा ठेवला असेल तर ती तिथून चांगली प्रत घेऊन दुरुस्त पण करते, एकच डिस्क आणि एकच प्रत असेल तर नुसतं सांगते.

तिसरी भीती म्हणजे आपण स्वतः. अपडेट केलं आणि सिस्टीम उठेना, किंवा फोल्डर उडवलं. इथे बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी होती तशी धरून ठेवलेली अवस्था, कामाला येतात. ती जुन्या ब्लॉकवर लिहीतच नाही, नवीन जागी लिहून मग पत्ता बदलते, त्यामुळे जुनी अवस्था धरून ठेवणं तिला जवळपास फुकट पडतं. अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट असला की बूट मेनूमधून मागे जाता येतं, अर्थात तुमच्या डिस्ट्रोने, म्हणजे तुम्ही लिनक्सचा जो तयार संच घेतलाय त्याने, ती सोय लावलेली असेल तर. मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क मेली की दोन्ही एकदम मेले.

पण फुकट काही नसतं. स्नॅपशॉटने धरलेली फाइल तुम्ही डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही, आणि डिस्क का भरतेय ते कळता कळत नाही. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या फाइली तुकड्यातुकड्यांनी डिस्कभर विखुरतात, ते टाळायला त्या फोल्डरची नवीन जागी लिहायची सवय बंद करता येते, पण मग तिथलं चेकसमही जातं. आणि रेड ५, ६ साठी, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करायच्या त्या पद्धतींसाठी, बीटीआरएफएस वापरू नका असं तिच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये बजावलंय. मजा म्हणजे मोठमोठ्या लिनक्सवाल्यांचंही एकमत नाही. सुसेने २०१४ मध्ये एंटरप्राइझ १२ च्या मुख्य सिस्टीम पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कच्या त्या भागासाठी, हीच डिफॉल्ट केली, फेडोरा वर्कस्टेशनने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून, आणि रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ ८ मधून ती काढूनच टाकली, त्यांचं डिफॉल्ट एक्सएफएस.

एक्सएफएस मुळात नव्वदच्या दशकातली सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची, मोठ्या फाइलींना झकास. पण ती वाढवता येते, लहान करता येत नाही. हे मी वाचलं होतं बरं का, आणि तरी सगळी डिस्क तिला देऊन मोकळा झालो, सहा महिन्यांनी दुसऱ्या सिस्टीमसाठी थोडी जागा हवी झाली तर अख्खा रविवार डेटा इकडून तिकडे हलवण्यात गेला.

झेडएफएस सन कंपनीने बनवली, २००५ मध्ये खुली केली, तंत्र म्हणून मला ती सगळ्यात देखणी वाटते, पण तिचं लायसन्स लिनक्सच्या लायसन्सशी जुळत नाही असं धरलं जातं म्हणून ती कर्नलमध्ये नाही, वेगळं मॉड्यूल लागतं आणि कर्नल नवा आला की ते मागे पडू शकतं. पहिल्यांदाच लिनक्स टाकताय? सोडा. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकताय? मग खुशाल घ्या.

मग साध्या माणसाने काय करावं? ज्याला डोक्याला ताप नको त्याने ईएक्सटी४. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. ती ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते, सिस्टीमच्या पार्टिशनवर ते योग्यच आहे, पण ४ टीबीच्या नुसत्या डेटा डिस्कवर २०० जीबी अडकून पडतात, तिथे ते कमी करा. आणि जास्तीत जास्त किती फाइली मावणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं, डिफॉल्टला साधारण दर १६ केबीला एक, त्यामुळे लाखो बारक्या फाइली असतील तर जागा शिल्लक असून डिस्क फुल म्हणते. एक गंमत सांगतो, फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळे धरून. म्हणजे आपल्याला ८५ चिन्हंच. विंडोजची फाइल सिस्टीम एनटीएफएस बाइट मोजत नाही त्यामुळे तिथली लांबलचक मराठी नावं कॉपी करताना इथे अडकतात.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं ते छोटं ईएफआय पार्टिशन फॅट या जुन्या फाइल सिस्टीमचंच असतं आणि तसंच राहू द्या, फॉरमॅटच्या चौकोनात टिक चुकून करू नका, विंडोजचं बूट होणं तिथेच आहे. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याच्या एनटीएफएसवर लिहिता येत नाही.

मघाशी मागून एक प्रश्न आला होता, आधीच ईएक्सटी४ टाकलंय, बीटीआरएफएस करता येईल का? येतं, कन्व्हर्ट करायचं टूल आहे, जुन्या अवस्थेची प्रतिमा ते बाजूला ठेवतं आणि ती उडवत नाही तोवर परतही जाता येतं. पण त्याच्या आधी बॅकअप घ्यावाच लागतो, आणि बॅकअप घेतलाच असेल तर सरळ फॉरमॅट करून परत टाका ना, वेळ तेवढाच लागतो.