बूड टेकेपर्यंत

घरी समुद्री मासे पाळायचा, खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्यांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो : "ताई, अ‍ॅनिमोन आणलाय. टँकमध्ये कुठे ठेवू?" विचारणाऱ्याच्या आवाजात घरी आलेल्या नव्या पाहुण्याचं कौतुक असतं, ते मला फार आवडतं. पण त्या 'ठेवू'पाशी मी दर वेळी अडखळते. दगड ठेवता येतो. प्रवाळाचा तुकडा गोंदाने चिकटवता येतो. अ‍ॅनिमोनला मात्र पाय असतो आणि तो चालतो. रात्री तुम्ही त्याला डावीकडच्या दगडावर टेकवाल आणि सकाळी तो उजवीकडच्या काचेवर दिसेल. कुठे बसायचं ते त्याचं तोच ठरवतो. आपण काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते आज सांगते.

आधी त्याचं शरीर समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. मराठीत त्याला समुद्रपुष्प म्हणतात. नाव गोड आहे, पण हा प्राणी आहे, प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातेवाईक. एक पिशवी, तिला वर एकच तोंड. अन्न तिथूनच आत जातं आणि उरलेला चोथाही तिथूनच बाहेर येतो. तोंडाभोवती शुंडके, म्हणजे बोटांसारखे लवचीक अवयव, आणि त्या शुंडकांत डंख मारणाऱ्या दंशपेशी. खाली चकतीसारखा पाय. हाडं नाहीत, कवच नाही. पोटात पाणी भरून घेतो म्हणून तो ताठ उभा राहतो, आणि ते पाणी म्हणजे तुमच्या टँकचंच पाणी. शिंपला निदान झडप तरी बंद करून घेतो. याच्याकडे तेवढाही आडोसा नाही. पाणी बिघडलं की तो पोटातलं पाणी सोडून आकसतो, फार तर जागा बदलतो. तिसरा उपाय त्याच्याकडे नाही.

शिवाय आपण पाळतो त्या बहुतेक जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे त्याला वरच्या अंगाला उजेड हवा, अंगावरून खेळतं पाणी हवं आणि पायाला धरायला भक्कम, शक्यतो अंधारी खाच हवी. या तिन्ही गोष्टी एका जागी जुळेपर्यंत तो फिरत राहतो. आपण त्याला 'भटकतोय' म्हणतो, पण त्याचं घर शोधणं चाललेलं असतं.

आता टँकबद्दल. नवा टँक लावून दोन महिने झाले, पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मग अ‍ॅनिमोन आणायला काय हरकत आहे, असं लोक विचारतात. हरकत आहे. टेस्ट किट त्या क्षणाचं पाणी सांगतं, काल रात्री काय झालं ते सांगत नाही. नव्या टँकमध्ये दगडांवरचे जिवाणू, शैवाल, बारीक जीव यांचा जम बसलेला नसतो, त्यामुळे सगळे आकडे वरखाली होत राहतात. मासा ते सोसतो. अ‍ॅनिमोनला ते सोसत नाही. सहा महिने ही मी अगदी किमान मुदत धरते आणि पहिल्यांदाच पाळणाऱ्याला वर्षभर थांबायला सांगते. थांबणं जिवावर येतं हे मला कळतं. तरीही थांबा.

आकडे लिहून घ्या. तापमान 25 ते 27 अंश सेल्सियस. पाण्याची विशिष्ट घनता 1.025 ते 1.026, म्हणजे एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट 10 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या, आत. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, 8 ते 11 डीकेएच (हे तिचं माप). यातल्या एखाद्या आकड्याच्या मागे हात धुवून लागू नका, आज जो आहे तो उद्याही तोच राहील एवढं बघा. क्षारतेची गडबड बहुतेक वेळा बाष्पीभवनाने होते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरायची, मीठ घातलेल्या पाण्याने नाही. छोट्या टँकमध्ये पेलाभर पाणी उडालं तरी फरक पडतो, त्यामुळे पहिला अ‍ॅनिमोन छोट्या टँकमध्ये आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तांबं. माशांच्या रोगावरच्या काही औषधांत तांबं असतं. मासे त्याने बरे होतात, पण अ‍ॅनिमोन, कोळंबी, गोगलगाय यांना ते विष आहे. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. जुना टँक कोणाकडून घेतला असेल तर त्यात कधी औषध टाकलं होतं का, हे पहिल्यांदा विचारा.

घेताना मी काय बघते? सगळ्यात आधी पाय. पायाला चीर असेल, लचका निघालेला असेल तर मी तो घेत नाही, कारण तिथली जखम भरणं सगळ्यात कठीण. मग तोंड. ते मिटलेलं हवं. आ वासून पडलेलं तोंड वाईट लक्षण. शुंडकं हातमोज्याला चिकटायला हवीत. आणि रंग. पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन बघून लोक हरखतात. त्याच्या अंगातलं शैवाल निघून गेलेलं असतं, तो उपाशी असतो. भडक पिवळ्या रंगाचे काही तर रंगवलेले असतात. असा जीव जगवणं मुरलेल्या माणसालाही अवघड जातं.

जातीप्रमाणे सवयी बदलतात. बबल टिप पाय कपारीत खोल लपवतो आणि शुंडकं उजेडात पसरतो. हॅडोनी कार्पेट वाळूत बसतो. लाँग टेंटॅकल खोल वाळूत पाय रोवून तळाच्या टणक भागाला धरतो, वाळूचा थर पातळ असला तर त्याला कुठेच चैन पडत नाही. मॅग्निफिका उंचावर चढतो, भर उजेडात आणि भर प्रवाहात, आणि मनासारखं शिखर मिळालं नाही तर काचेवर चढून बसतो. कार्पेटबद्दल आणखी एक. त्याचा दंश जबर असतो आणि तो चांगले मोठे मासेसुद्धा गिळतो. हातमोज्यांशिवाय कुठल्याच अ‍ॅनिमोनला हात लावू नका आणि तो हात डोळ्यांना तर मुळीच लावू नका. सुरुवात बबल टिपने करा आणि कोणाच्या तरी टँकमध्येच विभागून झालेला घ्या. तो मधोमध फाटून एकाचे दोन होतो. टँकच्या पाण्याची, टँकच्या दिव्यांची सवय घेऊनच तो तुमच्याकडे येतो. शिवाय समुद्रातला एक वाचतो. समुद्रातले अ‍ॅनिमोन फार वर्षं जगतात पण संथ वाढतात, आणि एक उपटला की त्यात राहणारे क्लाउनफिश नावाचे छोटे मासे उघड्यावर पडतात.

आता पंप. हे सांगताना मला अजूनही त्रास होतो. माझा पहिला अ‍ॅनिमोन चौथ्या रात्री चालायला लागला. सकाळी टँकचं पाणी ढगाळ होतं. वेव्हमेकरच्या, म्हणजे पाण्यात प्रवाह खेळवणाऱ्या पंपाच्या, जाळीतून तो आत ओढला गेला होता आणि त्याचे तुकडे टँकभर पसरले होते. मेलेल्या अ‍ॅनिमोनचा अमोनिया इतका झपाट्याने वाढला की दुपारपर्यंत दोन मासेही गेले. दोष पूर्णपणे माझा होता, जाळीवर स्पंज लावायचं काम मी 'रविवारी करू' म्हणून ठेवलं होतं. त्यामुळे आज हात जोडून सांगते : अ‍ॅनिमोन घरी येण्याच्या आधी प्रत्येक पंपाच्या तोंडावर जाळी किंवा जाड स्पंज बसवा. ओव्हरफ्लोचं, म्हणजे वरचं पाणी टँकबाहेर वाहून जातं त्या वाटेचं, तोंड झाका. हीटरला पिंजरा लावा. चालणारा अ‍ॅनिमोन वाट बघून चालत नाही.

तो घरी आला की दिवे मंद करा. पिशवीतलं पाणी आणि टँकचं पाणी यांच्या क्षारतेत किती फरक आहे ते मोजा, आणि बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडत तासाभरात तो फरक मिटवा. काही जण चार-चार तास थेंब सोडत बसतात. लांबच्या प्रवासाहून आलेल्या पिशवीत ते उलटतं. पिशवी बंद असते तोवर आतला कार्बन डायऑक्साइड पाणी थोडं आम्लधर्मी ठेवतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणून तासाभराच्या पुढे रेंगाळू नका. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

मग पंप बंद करा. पाय रोवता येईल अशी खाच असलेल्या दगडाशी त्याला अलगद न्या, पाय खाली, तोंड वर, आणि सोडून द्या. दाबू नका. दहा-पंधरा मिनिटांत पाय धरू लागला तर पंप हळू वेगाने चालू करा. धरला नाही, घरंगळला, तरी घाबरू नका. मी अलीकडे एक प्लॅस्टिकची भोकाभोकांची टोपली वापरते. तिच्यात खोलगट दगड ठेवून अ‍ॅनिमोन त्यावर सोडते आणि टोपली मध्यम उजेडात टांगते. दोन-चार दिवसांत तो त्या दगडाला धरतो, मग दगडासकट त्याला टँकच्या रचनेत ठेवता येतं. ठेवलेला असतो दगड, हं. अ‍ॅनिमोन पुढेही मनात आलं तर निघून जाईल. पण पाय पक्का झालेला, अंगात ताकद आलेला अ‍ॅनिमोन निघाला तर मला धास्ती वाटत नाही. दिव्यांचा जोर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पायरी-पायरीने वाढवा.

यानंतरचा आठवडा सगळ्यात अवघड असतो, आपल्यासाठी. तो एका तासाला ताटाएवढा फुलतो आणि पुढच्या तासाला सुकलेल्या मोसंबीएवढा होतो. तोंडातून तपकिरी घाणीचे तंतू टाकतो. लोक रात्री अकरा वाजता मला फोटो पाठवतात, मेला का म्हणून. बहुतेक वेळा तो पोटातलं शिळं पाणी आणि घाण टाकून ताजं पाणी भरून घेत असतो. दिवसातून एक-दोनदा आकसून पुन्हा फुलत असेल तर त्याचं ठीक चाललं आहे. काळजी कधी करायची? तोंड तासन्‌तास उघडं राहिलं, घाण नव्हे, शरीराच्या आतलेच तंतू बाहेर लोंबू लागले, पाय सुटून तो प्रवाहाबरोबर लोळू लागला, अंग बुळबुळीत होऊन विरघळू लागलं तर. शंका आली की वास घ्या. मेलेल्या अ‍ॅनिमोनचा वास एकदा घेतला की विसरत नाही. तसा वास आला तर त्याच क्षणी बाहेर काढा, पाणी बदला, पाणी शुद्ध करणारा कार्बन घाला.

ही लक्षणं नसतील तर टँकमध्ये हात घालू नका. तो काचेवर बसला, बसू दे. मागे गेला, जाऊ दे. त्याला उचलून 'चांगल्या' जागी परत आणणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक आहे. दर वेळी पायाला नवी इजा होते आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो. अगदीच हलवावं लागलं, समजा एखाद्या प्रवाळाला तो डंख मारून भाजतो आहे, तर ओढू नका. तो बसलेला दगड सुटा असेल तर दगडासकट हलवा. नाहीतर पायाजवळच्या दगडाला पिशवीत गुंडाळलेला बर्फाचा खडा टेकवून ठेवा किंवा प्रवाहाचा रोख त्याच्यावर वळवा. कंटाळून तो आपणहून सुटतो.

खाऊ पाय धरल्यानंतरच. कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा, तोंडापेक्षा लहान, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. मोठा तुकडा दिला तर तो रात्री ओकतो आणि सकाळी पाणी बिघडलेलं असतं.

मघाशी एका मुलीने विचारलं, क्लाउनफिश आहे, अ‍ॅनिमोन नाही, तर तो मासा दुःखी असेल का? नाही गं. टँकमध्ये तो अ‍ॅनिमोनशिवाय सुखाने जगतो, त्याला शत्रूच नसतात. समुद्रातल्या सुमारे एक हजार जातींच्या अ‍ॅनिमोनपैकी जेमतेम दहा जाती क्लाउनफिशला आसरा देतात, आणि अटलांटिकमध्ये तर क्लाउनफिश मुळातच नाहीत. जोडी जमली की दोघांचं भलं होतं हे खरं. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया अ‍ॅनिमोनमधल्या शैवालाला खत होतो, आणि रात्री मासा शुंडकांत वळवळतो त्याने पाणी हलून प्राणवायू मिळतो. पण नुकत्याच आलेल्या, पाय न धरलेल्या अ‍ॅनिमोनवर थोराड क्लाउनफिश जोडी तुटून पडते, लोळते, घासते, आणि तो बसायच्या आतच वैतागतो. म्हणून ती टोपली. आधी त्याला बसू द्या, लग्न मग.

किती वर्षांची सोबत आपण घरी आणतो आहोत, हेही मनात असू द्या. 1828 साली सर जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक अ‍ॅनिमोन एडिंबरात आणला. बरणीतल्या समुद्राच्या पाण्यात तो राहिला. त्याला शेकडो पिल्लं झाली, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणू लागले. डॅलिएल 1851 मध्ये गेले. आजी एका हातातून दुसऱ्या हातात जात 1887 पर्यंत जगली. ना वेव्हमेकर होता ना पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर. पाणी बदलणारं कोणी ना कोणी मात्र एकोणसाठ वर्षं होतं.

माझ्याकडचा सगळ्यात जुना बबल टिप आला तेव्हा मी त्याच्यासाठी समोरच, मधोमध, सुंदर कपार रचली होती. नऊ दिवस तो फिरला. दहाव्या दिवशी मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या पाठीमागे त्याने पाय रोवला. समोरून फक्त दोन-चार शुंडकांची टोकं दिसायची. दगड फिरवून बघू का, असं घरातल्या प्रत्येकाने एकेकदा सुचवलं. मी टँकसमोरची खुर्ची उचलून बाजूच्या काचेपाशी नेली. त्याला अकरा वर्षं झाली. खुर्ची अजून तिथेच आहे.