पहाटेचा दुसरा गिअर

दृश्य : द्राक्षबाग, अंधार, बांधावर धूर

पहाटेचे पाच चाळीस. निफाड तालुका, जानेवारी महिना. हा धूर दिसतोय ते धुकं नाहीये, बांधाबांधाला पेटवलेल्या शेकोट्या आहेत, कारण पारा असा उतरला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जायची भीती असते, म्हणून रात्रभर पालापाचोळा धुमसत ठेवायचा आणि पहाटे ठिबक सोडायचं. आम्ही तारेला थर्मामीटर बांधला होता, त्यावर सात दिसतंय. पेपरात निफाडचा पारा म्हणून जो आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, तो कधी कधी याच्याही बराच खाली असतो.

आणि ही मामांची गाडी. १९९६ ची, डिझेल, फोर बाय फोर. काचेवर दव, टपावर दव, सीटसुद्धा गार दगडासारखी.

दृश्य : मामांचा हात, गिअरचा दांडा, जवळून

आता फक्त हात बघा. पहिला पडला, थोडी कुरकुर करून. गाडी हलली. आता दुसरा... दांडा मध्येच उभा राहिलाय, मागे यायलाच तयार नाही, आतून कुणीतरी दार धरून बसलंय असं वाटतं. मामा जोर करत नाहीत. दांडा मोकळ्यात आणला, क्लच सोडला, परत दाबला, मग सावकाश ओढला. गेला. मामा म्हणतात, थंडीत हिचे सांधे धरतात रे, माझ्यासारखेच, ओझरपर्यंत गेली की मोकळी होते.

मोकळी होते हेच महत्त्वाचं आहे. गार असताना जड आणि गरम झाल्यावर लोण्यासारखा, असं ज्या गाडीचं होतं तिच्या मालकाला कुणीतरी सांगतंच की गिअर बॉक्स खोलावा लागेल. मामांनाही सांगितलं होतं. हा व्हिडिओ आम्ही त्या एका वाक्यासाठी केलाय. पाना उचलायच्या आधी आतलं तेल बघा.

दृश्य : तारेखाली ठेवलेल्या तीन बरण्या

लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आहेत या. डावीकडच्या बरणीत एकशे चाळीसचं, म्हणजे पंच्याऐंशी डब्ल्यू एकशे चाळीस, मधल्या बरणीत आपलं नेहमीचं ऐंशी डब्ल्यू नव्वद, उजवीकडे पंच्याहत्तर डब्ल्यू नव्वद. रात्रभर तिन्ही इथेच होत्या. आता एकेक कलती करतोय. उजवीकडचं बघा, सरळ धारेत आलं. मधलं आधी थांबलं, मग जाड धार धरली. आणि हे एकशे चाळीस... काकवी. बरणी जवळजवळ आडवी झालीये तरी ते काठावर लोंबतंय. तिन्ही डब्यांवर गिअर ऑईल असंच लिहिलंय.

डब्यावर डब्ल्यूच्या आधी जो आकडा असतो तो थंडीचा. तेल किती गार झाल्यावर किती दाट व्हायला चालेल याची एक हद्द ठरवलेली आहे, १,५०,००० सेंटिपॉइज (हे दाटपणाचं माप), आणि पंच्याहत्तरवालं ती हद्द गाठायच्या आधी उणे ४० अंशापर्यंत टिकलं पाहिजे, ऐंशीवालं उणे २६ पर्यंत, पंच्याऐंशीवालं उणे १२ पर्यंत. निफाडला उणे काही होत नाही, ते खरंय. पण दाटपणा काही एका आकड्यावर येऊन अचानक सुरू होत नाही ना, तो गारठ्याबरोबर चढतच जातो, आणि सात अंशाला काय होतं ते बरणीत दिसलंच.

दृश्य : नाशिक, सातपूर, मिस्त्रींचं शेड, टेबलावर खोललेला गिअर बॉक्स

हा मामांच्या गाडीचा नाही, भंगारातून आणलेला दुसरा आहे, मिस्त्री नवीन पोरांना शिकवायला वापरतात. सातपूर-अंबडला असे हात गल्लोगल्ली आहेत, ज्या गावात बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनते तिथे ते असणारच. मिस्त्रींनी आधी रॉकेलनं सगळं धुतलं, मग ही पितळी रिंग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, नख फिरव. आतून बारीक बारीक आटे आहेत. स्क्रूसारखे दिसतात पण काही पिळायला नाहीत, तेल कापायला आहेत.

हिला सिंक्रो रिंग म्हणतात. चालत्या एसटीत चढायचं असेल तर आपण आधी तिच्याबरोबर थोडं पळतो, वेग जुळला की मग पाय टाकतो. गिअरचंही तसंच, फिरणारे दोन भाग एका वेगात आले की मगच दात दातात बसतात. जुन्या ट्रक ड्रायव्हरना हे सगळं स्वतः करावं लागायचं, डबल क्लच मारून, म्हणजे मघाशी मामांनी केलं तसा क्लच दोनदा दाबून, कानानं इंजिनचा आवाज ओळखून. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा सिंक्रोमेश आलं आणि ते पळायचं काम गिअर बॉक्सनं आपल्याकडे घेतलं. करते काय ही रिंग, गिअरच्या उतरत्या शंकूवर जाऊन घासते, ब्रेकसारखी, आणि वेग जुळेपर्यंत तिचे बाहेरचे दात दांड्याला पुढे सोडत नाहीत. म्हणजे मघाशी मामांच्या हाताला जे अडलं ते बिघडलेलं काही नव्हतं, रिंग तिचं काम करत होती, अजून वेग जुळला नाही म्हणून सांगत होती.

आता गारठ्यात काय होतं, तर रिंग आणि शंकू यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो. तेल पातळ असलं की हे आटे तो क्षणात कापतात, पितळ लोखंडाला घासतं, वेग जुळतो. तेल काकवी झालं की पापुद्रा कापलाच जात नाही, रिंग वरच्या वर घसरत राहते आणि दांडा अडून बसतो. आणि दुसऱ्यालाच जास्त का, तर पहिल्या-दुसऱ्यात वेगाचा फरक सगळ्यात मोठा, तिसऱ्या-चौथ्यात कमी, म्हणून दुसऱ्याच्या रिंगवर सगळ्यात जास्त भार. मिस्त्रींनी दुसऱ्याची जुनी रिंग आणि एक नवीन रिंग शेजारी ठेवली. बघा, जुनीचे आटे सपाट झालेत, टोकं बोथट. जोर करून गिअर टाकला की हे असं होतं, मग मात्र बॉक्स खोलण्यावाचून इलाज नाही, आणि तो खर्च जुन्या गाडीला परवडत नाही म्हणून गाडी भंगारात जाते.

दृश्य : मिस्त्री गाडीत बसून दांडा हलवतायत

मिस्त्री म्हणाले, तेलाला हात लावायच्या आधी हे कर. इंजिन बंद, गाडी गार, क्लच दाबून सगळे गिअर फिरवून बघ. बंद गाडीतच दांडा जड असेल तर दोष दांड्याच्या बुडात, जोडकामात किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये असू शकतो. बंद असताना मोकळा आणि चालू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स पडताना करकरतोय, तर आधी क्लच बघायचा, पूर्ण सुटत नसेल तर चाकं उभी असतानाही बॉक्स आतून फिरत राहतो. आणि गाडी चांगली तापल्यावरही दुसरा तसाच अडत असेल तर तेलाला दोष देऊ नकोस. मामांच्या गाडीत यातलं काहीच निघालं नाही. फक्त गारठा आणि दुसरा.

दृश्य : गाडीखालून, ड्रेन नट

चार-पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर गाडी खड्ड्यावर घेतली, तेल कोमट असलं की सगळा गाळ बरोबर घेऊन उतरतं. मिस्त्रींचा हात ड्रेनकडे न जाता वर फिलरकडे, म्हणजे तेल भरायच्या तोंडाकडे गेला. आधी फिलर. कारण फिलरचा नट गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल काढून मोकळे झालात तर भरणार कुठून? हे मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं या गाडीत बसतोय.

हे बघा, उतरतंय. कोमट असूनही ही धार. बोटांत घेऊन मिस्त्री म्हणाले, हे तर एकशे चाळीस आहे. मामांना आठवलं, दोन वर्षांपूर्वी बॉक्समधून घोंघावणारा आवाज यायचा, एका गॅरेजवाल्यानं तेल बदलून दिलं आणि आवाज बसला. बसणारच. दाट तेलात बेअरिंगचा आवाज दबतो, बेअरिंग काही बरं होत नाही. तेव्हापासूनचे दोन हिवाळे हा दुसरा गिअर अडतोय आणि मामांना वाटतंय गाडी म्हातारी झाली.

नटाला चुंबक आहे, त्यावर हा राखाडी लगदा, तो चालतो, इतक्या वर्षांच्या गाडीत तो असणारच. मिस्त्रींनी बॅटरी मारून तेलात सोनेरी चमक शोधली. थोडी आहे. ते पितळ आहे, रिंगचं. तुकडे नाहीत, दाताचा कपचा नाही. चमक बघून मामा काही बोलले नाहीत.

आता डबा. डब्यावर जीएल-४ लिहिलेलं असतं किंवा जीएल-५, हा तेलाचा दर्जा, हे बघितल्याशिवाय घेऊ नका. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीची, गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, ती मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलला हवीच असतात, पण गिअर बॉक्सच्या पितळी रिंगला ती मानवतीलच असं नाही, काहींत तर तेल इतकं निसटतं होतं की रिंगला पकडच मिळत नाही. आपल्याकडे सवय काय, एकच मोठा डबा, त्यातलंच बॉक्सला, त्यातलंच डिफरन्शियलला. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच भरायचं, काही बॉक्सना कंपनीनं चक्क इंजिन ऑईल सांगितलेलं असतं. मामांचं पुस्तक ट्रंकेत सापडलं, पिवळं पडलेलं, त्यात ऐंशी डब्ल्यू नव्वद, जीएल-४. तेच भरलं. फिलरच्या काठाला तेल लागलं, करंगळी घालून बघितलं, बाहेर ओघळायला लागलं तेव्हा थांबलो, गाडी मात्र सपाट उभी पाहिजे.

फोर बाय फोरवाल्यांसाठी एक गोष्ट. ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्याचं, तेल बहुतेक गाड्यांत वेगळं असतं, फिलरही वेगळा, आणि मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात सरकतं, बॉक्स कोरडा पडत जातो आणि खाली जमिनीवर थेंबही दिसत नाही. म्हणून दोन्ही लेव्हल बघायच्या. पुढच्या चाकांना फ्रीव्हीलिंग हब, म्हणजे चाकं शाफ्टपासून सोडवता येणारे हब, असतील तर डांबरी रस्त्यावर ते सोडलेले ठेवा, नाहीतर पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल उगाच त्या गार तेलात फिरत राहतं.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडेच दिलं, ते जुनं तेल घेणाऱ्याकडे जातं. शेडमागच्या नाल्यात नाही. इथले नाले नासर्डीत जातात आणि नासर्डी टाकळीला गोदावरीत.

दृश्य : दुसरी पहाट, तीच बाग, तोच हात

थर्मामीटरवर आज आठ. गाडी चालू केल्यावर मामा मिनिटभर थांबले, मोकळ्यात, क्लच सोडून, म्हणजे आतले शाफ्ट फिरून तेल थोडं हलतं. पंधरा मिनिटं उभी गाडी गुरगुरत ठेवून काही होत नाही, त्यानं इंजिन तापतं, बॉक्स तापतो तो गाडी चालल्यावर. पहिला पडला. बांधावरून गाडी निघाली. दुसरा...

पुन्हा दाखवतो, आवाजासकट.

थोडा अडला, पण गेला, एका हातात गेला, डबल क्लच न मारता. पहिले दोन-तीन किलोमीटर मामा अजूनही सावकाशच टाकतात, दांड्यावर नुसता हाताचा भार ठेवून, आत वेग जुळायची वाट बघत. रिंग थोडी झिजलेली आहे हे आता माहीत आहे, बेअरिंगचा तो जुना आवाजही परत ऐकू यायला लागलाय, तिसऱ्यात, बारीकसा, कान दिला तर. मिस्त्री म्हणालेत, बागेचा सीझन होऊ दे, एप्रिलात आण, बेअरिंग बदलू, तेव्हा बॉक्स उतरवावाच लागेल तर रिंगही घालू. मामांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, पासिंगच्या तारखेखाली.

मागच्या हौदात आज रिकामे क्रेट आहेत, पिंपळगावला निघालेत मामा.