राउटरची जागा वायरीने ठरवू नये

मंडळी, फलकावर विषय ‘घरातला राउटर कुठे ठेवावा’ असा लिहिलाय आणि त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी राउटर मुख्य दाराच्या आसपास आहे? दारावर, दारामागे, चपलांच्या कपाटावर? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त सभागृह! आता सांगा, ती जागा निवडली कोणी? घरातल्या कोणीच नाही. वायर जिथून आत आली तिथे डबा बसला आणि तिथेच राहिला. माझं सगळं भांडण एवढ्याशीच आहे.

माझ्या मावशीच्या घरी नवीन जोडणी घेतली, तेव्हा मी तिथे होतो. जोडणीला आलेला मुलगा हाताचा पक्का होता. त्याने फायबरचं वरचं आवरण सोललं, आतली काच अल्कोहोलने पुसली, एका छोट्या यंत्रात धरून टोक सरळ कापलं. ती काच म्हणजे १२५ मायक्रॉन, केसाच्या जाडीची. दोन्ही बोटांत धरून तो ती कनेक्टरमध्ये सरकवत होता तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. लाल दिवा विझला, हिरवा लागला. मग त्याने डब्याशेजारी उभं राहून फोनवर स्पीड मोजला, आकडा मावशीला दाखवला आणि निघाला. त्याच्या यादीत पुढची घरं होती, त्याला दोष देत नाही. दोष त्या पद्धतीचा आहे, जिच्यात डब्यापासून हातभर अंतरावर मोजलेला आकडा म्हणजे ‘काम पूर्ण’.

डबा कुठे बसला होता? दाराच्या वर, कोपऱ्यात. एका बाजूला विजेच्या बोर्डाची पत्र्याची पेटी. खाली फ्रिज. आणि शेवटच्या खोलीत, जिथे मावशीची सून दिवसभर ऑफिसचं काम करते, तिथे पोचायला मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिची मीटिंग तुटायला लागली. चेहरा गोठायचा, आवाज तुकड्या-तुकड्यांत यायचा. तक्रार केली तर फोनवरून सल्ला आला: मोठा प्लॅन घ्या. घेतला. दाराजवळ स्पीड दुप्पट झाला, शेवटच्या खोलीत काडीचा फरक नाही. मला याचा खरंच राग येतो. घरातल्या हवेत जे हरवतंय ते भरून काढायला माणसं दर महिन्याला जास्तीचे पैसे भरतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही की डबा हलवा.

मग मी फोनवर रेंज मोजायचं ॲप उघडलं. तो आकडा डीबीएममध्ये, म्हणजे रेंजच्या शक्तीच्या मापात, आणि उणे असतो; दोन आकड्यांतला फरक डेसिबलमध्ये मोजतात. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. डब्याखाली उणे ३८. बैठकीत उणे ५८. सुनेच्या टेबलावर उणे ८२. आता हे प्रमाण नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी गंमत आहे. ३ डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, १० कमी म्हणजे दहावा हिस्सा. डब्यापासून टेबलापर्यंत ४४ डेसिबल गेले. म्हणजे टेबलावर पोचत होता डब्याखालच्या शक्तीचा पंचवीस हजारावा हिस्सा. व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालायला उणे ६७ च्या आसपास तरी लागतं.

आणि आता दुसरा आकडा ऐका. त्या केसाएवढ्या काचेतून प्रकाश एक किलोमीटर गेला तर हरवतो साधारण ०.३५ डेसिबल, जेमतेम आठ टक्के. अख्ख्या किलोमीटरला! आणि सळ्या घातलेली काँक्रीटची एक भिंत १० डेसिबल सहज खाते. दहातले नऊ वाटे एका भिंतीत गेले. तांब्याची साधी लॅन केबलसुद्धा १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. वायरीला अंतराचं काही वाटत नाही, हवेला वाटतं. तरी आपण वायर दाराशीच थांबवतो आणि उरलेला अवघड प्रवास हवेवर सोडतो! हे उलटं आहे.

फायबर जिथे येऊन संपतं तो डबा वेगळा आणि राउटर वेगळा; मावशीकडे आम्ही फायबरचा डबा होता तिथेच ठेवला. त्यापासून छताच्या कडेने लॅन केबल नेली आणि राउटर घराच्या मधल्या पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवला. सुनेच्या टेबलावर उणे ६४. १८ डेसिबल, साठपटीहून जास्त शक्ती, आणि प्लॅन परत जुनाच.

जाता जाता मायक्रोवेव्हबद्दल सांगतो, दर वेळी कोणीतरी विचारतंच. अन्न गरम करायची भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वायफायच्या लहरींचा जुना पट्टा, म्हणजे त्यांना दिलेली कंपनांची जागा, २.४ चा. हा योगायोग नाही. तो पट्टा अशाच यंत्रांसाठी राखलेला होता, म्हणून दळणवळणाला कोणाला नको होता. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तिथे विनापरवाना रेडिओ चालवायला परवानगी दिली, आणि १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, सेकंदाला २ मेगाबिट वेगाचं. सगळ्यांनी नाकारलेल्या जागेवर हे उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. भट्टीचं दार बंद असलं तरी किंचित गळती होते, माणसाला निरुपद्रवी, पण राउटर शेजारी असेल तर त्याला त्रासदायक. तेव्हा दोघांना दूर ठेवा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. कबूल केलेलं सगळं आता भराभर सांगतो.

जागा: घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, धातूच्या कपाटात तर नकोच. आरशामागे धातूचा पातळ थर असतो, तो लहरी परतवतो. माशांची टाकी म्हणजे पाणी, आणि पाणी लहरी शोषतं. भिंत तिरपी छेदली तर ती जास्त जाड पडते आणि लहरींचा जास्त भाग परत फिरतो. म्हणून भिंत समोरासमोर ओलांडेल अशी जागा बघा.

अँटेना: दांड्यासारख्या अँटेनाची शक्ती तिच्या आजूबाजूला पसरते, टोकाच्या दिशेने सर्वांत कमी. टोक खोलीकडे रोखून ठेवू नका. एकमजली घरात उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एक आडवी करा.

पट्टे: ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. जवळच्या खोल्यांना ५, लांबच्यांना २.४. आणि २.४ मध्ये चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचे छोटे भाग, त्यांतला १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या. एवढेच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

कोणीतरी विचारलंय, ‘रेंज पूर्ण दिसते, तरी चालत नाही.’ फोनवरच्या काड्या राउटरचा आवाज तुम्हाला किती येतो एवढंच सांगतात. फोनची ताकद बहुधा कमी असते. भोंग्यावर बोलणाऱ्याचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला जात नाही, तसं. म्हणून राउटरची शक्ती वाढवून फारसं साधत नाही; त्याला जवळ आणावं लागतं.

रिपीटर, म्हणजे राउटरची रेंज घेऊन पुढे पाठवणारा डबा: रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, तिथे त्यालाच काही मिळत नाही. मधे ठेवा, जिथे अजून चांगली रेंज आहे. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. मेशचे, म्हणजे मिळून घरभर एकच वायफाय देणारे, डबे घेतलेत तर शक्य तिथे ते आपसांत केबलने जोडा.

आणि शेवटचं, उठण्याआधी हे लिहून घ्या. घर बांधताय किंवा भिंती फोडून काम काढताय, तर दारापासून घराच्या मध्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. विजेच्या तारांचा पाइप वेगळा, हा वेगळा. वळणं गोलाईची ठेवा, काटकोनात फायबर मोडतं. आणि गिलावा व्हायच्या आत प्रत्येक पाइपमधून एक नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा, म्हणजे उद्या केबल तिलाच बांधून ओढता येईल.