पिल्लू दाणा फोडेपर्यंत

(दृश्य: सिरिंजच्या टोकाकडे झेपावणारी कॉकॅटिल या तुरेवाल्या लहान विदेशी पोपटाची तीन पिल्ले. त्यांचा मूळ आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.)

सिरिंजचे टोक चोचीला लागताच पिल्लाची मान जोरजोराने वरखाली होऊ लागते. ही हालचाल चालू असते तोवर श्वासनलिकेचे तोंड मिटलेले राहते आणि घास सुखरूप गळ्याखालच्या पिशवीत उतरतो. हालचाल थांबल्यावरही जो दट्ट्या दाबत राहतो, तो ते पातळ खाणे थेट फुप्फुसात ढकलण्याचा धोका पत्करतो. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरातील या घरात, जिथे एक निवृत्त शिक्षिका पिंजऱ्यातच जन्मलेल्या विदेशी पोपटांची पिल्ले वाढवतात, भरवण्याच्या वेळी कोणी बोलत नाही आणि दारावरची घंटाही बंद ठेवलेली असते. गल्लीत त्यांना सगळे बाई म्हणतात, पक्षी घ्यायला येणारेही.

पिल्ले आईबापांकडून काढून घेतली जातात ती साधारण दोन ते तीन आठवड्यांची असताना, म्हणजे डोळे उघडलेले असतात पण पिसे अजून नळ्यांतच असतात तेव्हा. त्यानंतर आईच्या चोचीचे काम माणसाच्या हाताकडे येते आणि ते हाताला वाटते त्याहून अवघड असते. तयार पूड कोमट पाण्यात कालवून केलेले मिश्रण 39 ते 41 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच असावे लागते. त्याहून गार झाले तर ते पिशवीत साचून आंबते. फार गरम असेल तर पिशवी आतून भाजते, आणि ती जखम बाहेर दिसेपर्यंत कित्येक दिवस उलटलेले असतात. बोटावर थेंब घेऊन केलेला अंदाज येथे पुरत नाही, म्हणून वाटीत तापमापक उभा असतो. मायक्रोवेव्हमध्ये मिश्रण तापवत नाहीत, कारण एकाच वाटीत एक भाग कोमट तर दुसरा पोळणारा राहतो. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने आत घेऊन उजवीकडे वळवली जाते, कारण अन्ननलिका उजव्या अंगाला असते.

(दृश्य: पिल्लाची भरलेली पिशवी, त्वचेतून दिसणारा मिश्रणाचा रंग. नंतर सकाळची रिकामी पिशवी.)

रात्रीतून ही पिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे, आणि सकाळी ती रिकामी दिसल्याशिवाय पुढचा घास दिला जात नाही. मग पिल्लू ग्रॅममध्ये वजन दाखवणाऱ्या काट्यावर ठेवले जाते आणि आकडा वहीत उतरतो. प्रौढ कॉकॅटिल 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा पाच-सहा ग्रॅमची घट हीसुद्धा बातमी असते; आजारी पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, काटा लपवत नाही.

(दृश्य: दुपार. खिडकीवरचे ओले गोणपाट, शहाबादी फरशी, झाकण काढलेली पेटी.)

पक्षिपालनाच्या पुस्तकांत पिल्लांच्या पेटीला ऊब कशी द्यावी यावर पानेच्या पाने असतात. पिसे फुटू लागलेल्या पिल्लांना सुमारे तीस अंशांची ऊब पुरते, असे त्यांचे सांगणे असते. मराठवाड्यात मार्चनंतर प्रश्न नेमका उलटा होतो. बाहेर पारा 42-43 अंशांवर गेलेला असतो, पेटीतला बल्ब केव्हाच काढून टाकलेला असतो आणि बाईंचे सगळे लक्ष पेटी थंड राखण्याकडे असते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. तापलेले पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि त्याची कातडी लालसर दिसू लागते. घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत पेटी फरशीवर येते, खिडकीवरचे गोणपाट दर तासाला भिजवले जाते आणि कूलर चालू असला तरी त्याचा झोत पेटीवर येऊ दिला जात नाही. वीज गेली की घरातली माणसे आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालतात.

पुढचा टप्पा घाईचा नाही, आणि बाजारात नेमकी त्याचीच घाई असते. कॉकॅटिलचे पिल्लू साधारण आठ ते दहा आठवड्यांचे होईपर्यंत स्वतः पोटभर खाऊ लागत नाही. सन कन्युअर या पिवळ्या-केशरी पोपटाला तेवढेच किंवा थोडे अधिक दिवस लागतात, आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटाला तर तीन ते चार महिने. या काळात घास तोडायचा नसतो, समोर खाणे वाढवत जायचे असते: भिजवलेली बाजरी, मोड आलेले मूग, उकडलेल्या मक्याचे दाणे, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर. थंडीच्या दिवसांत ज्वारी हुरड्याला आली की पिल्लांचीही चंगळ होते, कारण कोवळा दाणा कच्च्या चोचीलाही फुटतो. (कणीस मात्र फवारणी न केलेल्या रानातलेच असावे लागते.) दुपारचा घास आधी सुटतो, सकाळचा नंतर, आणि संध्याकाळचा सर्वांत शेवटी.

(दृश्य: पिल्लू पहिल्यांदा दाणा फोडते. येथे निवेदन नाही.)

जालन्याहून आलेले हे जोडपे याच काळात दारात उभे आहे. 'बाई, सिरिंज द्या, आम्ही घरी भरवू की,' असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो प्रेमापोटीच आहे. लहानपणीच हातात आलेला पक्षी अधिक माणसाळतो, असे विक्रेत्यांनी पसरवलेले आहे. प्रत्यक्षात माणसाळणे सिरिंजवर अवलंबून नसते. ते रोज हातावर घेणे, शांतपणे बोलणे आणि पक्ष्याने नकार दिला की हात मागे घेणे यांवर अवलंबून असते, आणि ते दोन महिन्यांच्या पक्ष्याशीही तितकेच जमते. अर्धवट वाढलेली पिल्ले विकण्यामागे विक्रेत्याची मेहनत वाचवणे यापलीकडे फारसे कारण सापडत नाही. बाई त्यांना परत पाठवतात आणि पिल्लू सलग दोन आठवडे स्वतः खाऊ लागले की या, असे सांगतात.

(दृश्य: जोडप्याची दुसरी भेट. पिंजऱ्यापासून अंतर राखून ठेवलेल्या खुर्च्या.)

आता निवड. पिंजऱ्याजवळ जाण्याआधी थोडा वेळ दुरूनच पाहावे लागते, कारण माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो. डोळे स्वच्छ व पूर्ण उघडे, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसे न चिकटलेली, छातीचे हाड बोटाला टोचणार नाही इतके मांसाने झाकलेले; बसल्या जागी श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, तर तो पक्षी रंगाने कितीही देखणा असो, तो घेऊ नये. ही यादी बाई करवून घेतात, सांगत नाहीत. सर्वांत शेवटी त्या पक्ष्यापुढे वाटी ठेवतात आणि तो स्वतः खाताना पाहायला लावतात.

(दृश्य: देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी ज्वारीवर उतरणारा थवा.)

रानातला हा हिरवा पोपट, ज्याच्यावर गोफण फिरवतच येथल्या पिढ्या मोठ्या झाल्या, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून त्याला पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे. सन कन्युअर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या विदेशी जातींची 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. कॉकॅटिल आणि बजरिगर (बजी) यांना ती लागत नाही.

घरी गेल्यावर पिंजरा उभा करायचा तो स्वयंपाकघरापासून दूर, कारण तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारतो. बसायला कडुलिंबाची किंवा पेरूची कमीअधिक जाडीची फांदी हवी आणि रात्री दहा-बारा तासांचा अंधार. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला पक्षी जाड होतो आणि त्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही, तेव्हा मेथी, गाजर, शेवगा रोजच्या वाटीत असावेत. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा नसावेत. कॉकॅटिल पंधरा-वीस वर्षे जगतो आणि पोपटांचा सिटॅकोसिस हा आजार माणसालाही होतो, हेही घेण्याआधीच घरात बोलून झालेले बरे. पक्षी तपासायची सवय असलेला डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथील दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

जोडपे निघताना बाई वजनाची वही, पक्ष्याच्या पायातल्या ओळख-कडीचा क्रमांक लिहिलेली पावती आणि काही आठवडे पुरेल इतके नेहमीचेच खाणे सोबत देतात, कारण जागा आणि जेवण एकाच दिवशी बदलले तर पक्षी खाणे सोडतो. येथून जालना सुमारे साठ किलोमीटर आहे. उन्हाळ्यात हे अंतर सकाळी आठच्या आत कापावे, पेटीत पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची फोड ठेवावी आणि वाटेत गाडी उन्हात उभी करू नये.