टोप घालणारी पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली मुलं काय घालत आणि केस कसे ठेवत, त्याची ही गोष्ट. साल १६७०, गाव बॉस्टन. एकाच वर्षी रंगवलेली दोन चित्रं, आणि दोन्ही एकाच चित्रकाराच्या हातची मानली जातात. पहिल्यात रॉबर्ट गिब्स आहे, वय साडेचार. अंगात पायघोळ झगा, आणि खांद्यांपासून मागे लोंबणाऱ्या रिकाम्या बाह्या. दुसऱ्यात डेव्हिड मेसन, वय आठ. त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंतची विजार, म्हणजे ब्रीचेस, आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. रॉबर्टला बघणारे हमखास मुलगी समजतात. तो मुलगाच आहे. त्याची कॉलर पुरुषांसारखी चौकोनी आहे आणि केस टोपीखाली झाकलेले नाहीत.

तर साडेचाराला झगा, आठाला विजार. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमध्ये मुलगा साधारण चार ते सात वर्षांचा होईपर्यंत झग्यातच वाढे. कारण घरात लहान मूल असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. अठराव्या शतकातल्या विजारीला पुढे बटणांची झडप, कमरेला पट्टा, मागे आवळायची नाडी आणि गुडघ्याशी बकल. तीन वर्षांच्या पोराच्या बोटांना ते वेळेत सुटायचं नाही. झग्याला खालून काही बंदच नाही. शिवाय झग्याच्या घेरात आडव्या दुमडी घालून ठेवत आणि मूल उंच झालं की एकेक उसवत. विजारीत वाढायला एवढी जागा कुठली?

झग्याच्या आत लिननचा सदरा. तो सगळा सरळ आयताकृती तुकड्यांचा, एक चिंधी वाया जात नसे. काखेत चौकोनी कळी बसवत, कारण ती नसेल तर हात वर करताच शिवण फाटते. धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून टोकाला रंगीत दोऱ्याने नावाची अक्षरं. कापडाबद्दल असा विचार करणाऱ्या बायकांची नावं इतिहासात फारशी नाहीत, आणि लेस विकत घेणाऱ्यांची मात्र आहेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

कपड्यांवर सरकारची नजर होती. आतलं कापड दिसावं म्हणून कपड्याला मुद्दाम चिरा देत. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६३४ च्या कायद्याने बाहीला एकच चीर आणि पाठीवर एक, याहून जास्त चिरा बेकायदा ठरवल्या. डेव्हिड मेसन आणि चित्रात त्याच्यासोबत असलेल्या बहिणींच्या बाह्या पाहा, चीर एकेकच. पण खरं रण पेटलं ते केसांवरून. १६४९ साली गव्हर्नर एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरुषांच्या लांब केसांविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. हार्वर्ड कॉलेजच्या १६५५ च्या नियमांत मुलांनी केस लांब वाढवायचे नाहीत, कुरळे करायचे नाहीत, पावडर लावायची नाही, हे सगळं आलं. आणि पन्नास वर्षांनी वाद उलटला. मुलांनी केस कापले म्हणून मोठी माणसं हवालदिल झाली.

ऐका. १० जून १७०१, मंगळवार. न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांना आदल्या रात्री कळलं की पाद्री विलर्ड यांचा मुलगा जोसाया याने आपले भरगच्च केस कापून टाकले आणि टोप, म्हणजे केसांचा विग, घातला. जोसाया विशीच्या उंबरठ्यावर, हार्वर्डचा पदवीधर, स्वतः पाद्री व्हायच्या वाटेवर. सकाळ होताच स्यूअल त्यांच्या घरी हजर. आधी आईला सांगितलं की मी कशासाठी आलोय. आईने मुलाला हाक मारली.

स्यूअलनी विचारलं, अशी कोणती आपत्ती कोसळली की स्वतःचे केस टाकून तुला टोप घालावा लागला? जोसाया म्हणाला, आपत्ती काहीच नाही. केस सरळ आहेत आणि मागे दुभंगतात, एवढंच. वर त्याने युक्तिवाद केला की दाढी करतो तसं डोकं केलं तर बिघडलं कुठे? स्यूअल म्हणाले, तोंडावर केस येण्याआधीही पुरुष पुरुषच असतो, आणि अर्ध्या मानवजातीला दाढी कधी येतच नाही. देवाने दिलेले केस ही परीक्षा आहे. त्याने जे दिलं त्यात आपण समाधानी राहतो, की स्वतःच स्वतःला घडवू बघतो? कातडी किंवा नखं आवडली नाहीत तरी आपण ती कापून टाकत नाही, पण ते दुखतं म्हणून. त्यात आपला मोठेपणा काय? मग त्यांनी ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या ग्रंथातला तिसऱ्या खंडाचा दहावा अध्याय वाचायला सांगितला. ओघाने तो त्यांच्या स्वतःच्या वाचनात त्याच सकाळी आला होता.

मुलगा शेवटी म्हणाला, केस वाढले की टोप काढीन. दोनेक दिवसांनी स्यूअल त्याच्या वडिलांशी बोलले. वडिलांनी आभार मानले. आधी कळलं असतं तर बंदीच घातली असती, म्हणाले. केस कानांवर आले की टोप काढायचं मुलाने कबूल केलंय, असंही सांगितलं. आणि आई? तिने मुलाला याबद्दल बोलताना ऐकलं होतं. पण स्पष्ट नाही म्हणायला ती घाबरली. नाही म्हटल्यावरही त्याने केलंच असतं, तर आज्ञाभंगाचा दोष वर लागला असता! तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या आईचा हा हिशोब मला फार शहाणपणाचा वाटतो.

चेटकाच्या आरोपावरून निरपराध माणसांना फाशी दिली गेली त्या १६९२ च्या सेलम खटल्यांत हेच स्यूअल न्यायाधीश होते. १६९७ साली ते भर चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांची जाहीर माफी वाचून दाखवली गेली. वाचली कुणी? जोसायाच्या वडिलांनी. आपली भयंकर चूक कबूल करणारा हा माणूस टोपाबाबत मात्र तसूभर हलला नाही. १७०१ च्याच नोव्हेंबरच्या शेवटी जोसाया स्यूअल यांच्या नेहमीच्या चर्चमध्ये प्रवचन देणार म्हटल्यावर स्यूअल दुसऱ्या चर्चला गेले, आणि का गेले ते त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. जोसाया पुढे प्रांताचा सचिव झाला आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्या पदावर राहिला.

टोप मात्र जिंकला. टोप बसायचा तर डोकं भादरावं लागे. टोपासाठीचे केस मातीच्या किंवा लाकडी नळ्यांवर गुंडाळायचे, काही तास उकळायचे, वाळवायचे, कणकेच्या आवरणात घालून भट्टीत भाजायचे, मग रेशमी दोऱ्यांवर विणून जाळीच्या टोपीवर शिवायचे. कृती चुकली की वळण दमट हवेत सुटतं. आणि हे मुलांसाठीसुद्धा! मेन या भागातल्या फ्रीमन कुटुंबाच्या १७५४ च्या हिशोबात तीन मुलांच्या हजामतीचा खर्च आहे, त्याखाली टोपांचा. मुलांची वयं अकरा, नऊ आणि सात. पुन्हा ऐका, सात! चित्रकाराच्या भरजरी चित्रापेक्षा अशी खर्चाची एक ओळ मला जास्त विश्वासाची वाटते.

मग वारं फिरलं. बॉस्टनचा चित्रकार कॉप्ली याने १७६५ साली आपला सावत्र भाऊ हेन्री पेलम याचं उडत्या खारीसह चित्र काढलं, त्यात हेन्रीचे स्वतःचे केस आहेत. १७८० नंतर मुलांसाठी नवाच पोशाख आला, स्केलेटन सूट. आखूड जाकीट, उंच कमरेची पायघोळ पँट, आणि पँट जाकिटाला कमरेभोवती बटणांनी जोडलेली. त्यामुळे ना पट्टा, ना नाडी. कॉलर मोकळी, झालरीची. गोची एकच, पाठीमागची बटणं मुलाला स्वतः लागत नाहीत. उन्हाळ्यासाठी हा सूट बरेचदा नानकीनचा असे. हे चीनचं पिवळसर सुती कापड. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे अमेरिकन जहाज १७८५ मध्ये कँटनहून परतलं तेव्हा चहासोबत तेही घेऊन आलं.

लांब पँट तोवर खलाशी आणि मजूर घालत. सुखवस्तू घरात ती आधी मुलांच्या अंगावर आली. बाप ब्रीचेस आणि लांब मोज्यांत, मुलगा पँटमध्ये. ही पोरं मोठी झाली तेव्हा ती गुडघ्यापर्यंतच्या विजारीकडे परतली नाहीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बापांनीही ब्रीचेस सोडल्या.

नमस्कार.