पिणं आणि लुचणं

मी दातांचा डॉक्टर. तान्ह्या बाळांच्या विषयावर बोलायला मला का बोलावलं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. ज्यांना दातच नाहीत त्यांच्याशी माझं काय काम? काम असं, की पाच-सहा वर्षांचं मूल माझ्या खुर्चीत बसतं आणि दात मिटले तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये अंगठा मावेल एवढी फट राहते. आई सांगते, "सवय सुटतच नाही हो." ही सवय लागली कधी, हे विचारत मागे गेलं की आपण पाळण्यापाशी पोचतो. खरं म्हणजे त्याच्याही मागे. पंधरा आठवड्यांचा गर्भ अंगठा तोंडात घालतो, हे सोनोग्राफीत दिसतं. त्याला तिथे भूक कुठली लागायला?

म्हणजे चोखण्याची गरज भुकेहून वेगळी आहे. बायकांना हे आधीपासून ठाऊक आहे, आपली भाषाच सांगते. बाळ 'पितंय' आणि बाळ 'नुसतं लुचतंय' यांतला फरक कुठल्याही आजीला समजावून सांगावा लागत नाही. पीटर वुल्फ या संशोधकाने 1968 साली तो मोजून दाखवला. दूध येत असताना बाळ सेकंदाला साधारण एकदा ओढतं आणि नुसतं चोखताना दोनदा. लय बदलते, घोट गिळल्याचा आवाज थांबतो. आपण म्हणतो, पोट भरलं, आता काढून घ्या. पोट भरलेलं असेलही, पण बाळाचं लुचणं संपलेलं नसतं.

आता आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात जाऊ. तिथल्या सान लोकांच्या वस्तीत मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन या संशोधकांनी आया बाळांना किती वेळा पाजतात याची नोंद केली. 1980 साली ती प्रसिद्ध झाली. दिवसा साधारण दर 13 मिनिटांनी एकदा, आणि प्रत्येक वेळी जेमतेम दोन मिनिटं! बाळ आईच्या अंगाला बांधलेलं, रात्री कुशीत. त्याला मागावंसुद्धा लागत नाही. या बायकांच्या दोन मुलांमध्ये साडेतीन वर्षांहून जास्त अंतर होतं, तेही कुठलंही साधन न वापरता. वरचेवर लुचण्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, चढं राहतं आणि मेंदूकडून बीजकोशाला जाणारा इशारा मंदावतो, म्हणून दिवस राहत नाहीत. पुढे 1988 साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी याचे नियम बांधले. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही आणि बाळ पूर्णपणे अंगावर, या तिन्ही गोष्टी असतील तर दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. यातली एक जरी सुटली तरी भरवसा ठेवू नका. 'मी पाजते, मला काही होणार नाही' एवढ्यावर विसंबलेल्या बायका पुष्कळ फसल्या आहेत.

पाळण्यांमधल्या या अंतराचं महत्त्व सिसिली विल्यम्स या डॉक्टरांना आजच्या घानात कळलं. 1930च्या दशकात सुजलेली, केस पिंगट झालेली मुलं त्यांच्यापुढे येत होती. हा आजार काय, असं त्यांनी तिथल्या बायकांना विचारलं. उत्तर मिळालं, क्वाशिओरकोर. धाकटं आलं की थोरल्याला होणारा आजार. अंगावरचं दूध तुटलं आणि त्याच्या तोलाचं अन्न आलं नाही. रोगाचं कारण त्या बायकांच्या भाषेत आधीच होतं, आणि एका डॉक्टरने ते नीट ऐकून घेतलं.

मग घड्याळ आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग दर चार तासांनी पाजा आणि रात्री पाजूच नका असं शिकवू लागले, आणि ते दूरदूर पसरलं. गंमत अशी की स्तनाला घड्याळ कळत नाही. तो रिकामा झाला तर भरतो, तुंबून राहिला तर दूध कमी करतो. दूध आटलं की बाटली, बाटली आली की स्तनावरचं लुचणं आणखी कमी. उरलेली चोखण्याची भूक मग अंगठ्याकडे जाते, नाहीतर रबरी चोखणीकडे. मागेल तेव्हा अंगावर घेतलेल्या, आईजवळ झोपणाऱ्या मुलांमध्ये अंगठा चोखणं कमी आढळतं. जास्त महिने अंगावर पिणाऱ्यांमध्येही तसंच. यात कशामुळे काय होतं हे दर वेळी वेगळं काढता येत नाही, हेही सांगतो.

तरी खेड्यातलं सगळं चांगलं आणि शहरातलं सगळं बिघडलेलं, असं मला म्हणायचं नाही. खेड्यातली बाई घरीच असते हा शहरी गैरसमज आहे. ती शेतात असते, पाण्याला गेलेली असते आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिला 'मागेल तेव्हा पाजा' सांगून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा जाताना आणि आल्याबरोबर पाजणं, रात्री बाळाला हवं तितकं लुचू देणं, मधल्या वेळेसाठी दूध हाताने काढून स्वच्छ झाकलेल्या भांड्यात ठेवणं आणि वाटीने पाजणं, हे तिला जमण्यासारखं आहे. खोली 25 अंशांच्या आत असेल तर ते दूध चार तास टिकतं. उकाड्यात एवढा वेळ धरू नका. बाटली मात्र टाळा. तिचं बूच आणि खाचा धुवायला भरपूर गरम पाणी लागतं, आणि जिथे पाणीच डोक्यावरून आणायचं तिथे ती नीट धुतली जात नाही. शिवाय पावडर पुरवून वापरायला दुधात पाणी वाढत जातं. पहिले सहा महिने वरचं पाणीही नको, आईच्या दुधात 88 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सहा महिने झाले की मात्र वरचं अन्न सुरू झालंच पाहिजे. नुसत्या दुधावर वर्षाचं झालेलं मूल पांढरंफटक दिसतं, त्याला लोह पुरत नाही.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. 'मुलगा चार वर्षांचा आहे, अंगठ्याला कडू औषध लावू का?' ताई, बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. पुढचे पक्के दात सहा-सातच्या सुमारास येतात. त्याआधी सवय सुटली तर फट पुष्कळदा आपोआप मिटते, तेव्हा हातात थोडा वेळ आहे. रागावू नका, चारचौघांत हसू नका. तो अंगठा केव्हा तोंडात घालतो, झोप आल्यावर, एकटा असताना की तुम्ही कामावर निघताना, एवढं आठ दिवस वहीत टिपा आणि ती वही घेऊन माझ्याकडे या. कडू लावायचं की नाही ते त्यानंतर बघू.