मधेच उतरता येत नाही

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या शिमग्याच्या वेळी मी मडगावहून रत्नागिरीला रात्रीच्या गाडीने येत होतो. सावंतवाडी मागे पडली तशा समोरच्या बाकावरच्या तिघांनी थंड पेयाच्या बाटल्या काढल्या. लेबल थंड पेयाचं, आत माल गोव्याचा. कुडाळपर्यंत हसणंखिदळणं, कणकवलीपर्यंत आवाज चढले. खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. मी त्या तिघांना दोनदा बोललो. "काका, झोपा तुम्ही," एवढंच उत्तर आलं. शेवटी बाईने लेकराला खांद्यावर टाकलं आणि दाराजवळ, संडासाच्या बाजूला, पिशवीवर जाऊन बसली. तिची जागा आरक्षित होती, बरं का.

"नाहीतरी लोक लपूनछपून पितातच, मग गाडीत, बोटीत रीतसर परवाना द्या, सरकारलाही महसूल मिळेल," असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही.

आपल्याकडचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बारचा परवाना ठरलेल्या जागेला मिळतो. तिथे त्रास झाला तर बिल देऊन उठता येतं. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमधून उठून कुठे जाणार? चहूबाजूंनी पाणी. शिवाय राज्यात बियर आणि वाईनला वय २१ लागतं, कडक दारूला २५. पावसाळ्याच्या तोंडावर लाँच हेलकावे खात असताना खलाशी दोर सांभाळील की पोरांची ओळखपत्रं बघील?

रेल्वेचा घोळ याहून मोठा. दारू हा राज्याच्या अखत्यारीतला विषय, आणि कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत तीन राज्यांतून जाते. गोव्यातल्या पेडण्याला उघड विकत मिळणारी बाटली हद्दीपलीकडे, आपल्या मडुऱ्याला, परवान्याशिवाय सापडली तर गुन्हा. विक्रेत्याने हद्द ओलांडताना पेटीला कुलूप घालायचं का? १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४५ आहे, नशेत असलेल्याला गाडीतून उतरवता येतं. एका हाताने पाजायची आणि दुसऱ्या हाताने उतरवायचं, हा कुठला न्याय? देशांतर्गत विमानात दारू देत नाहीत, त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

मौजेची सफर वेगळी. २०१८ साली मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली, तिच्यावर बार होते. तिथे जाणारा ठरवून, त्यासाठी पैसे मोजून जातो. त्याला माझी हरकत नाही. माझं म्हणणं आहे ते बाजाराच्या पाट्या, आजारी म्हातारी माणसं, परीक्षेची पोरं घेऊन जाणाऱ्या गाड्यांबद्दल आणि बोटींबद्दल.

१७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. दारूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण बोट कलंडते तेव्हा शुद्धीतल्या माणसाचीही काय गत होते, हे आपल्या बंदरपट्टीने पाहिलंय. म्हणून अशा परवान्याचा विषय कधी निघालाच तर आधी लाँचवरच्या खलाशाला विचारा, एसटीच्या कंडक्टरला विचारा, रात्रीच्या गाडीने एकट्या येणाऱ्या बायकांना विचारा.

रत्नागिरीला मी सामान घेऊन दाराशी आलो, तेव्हा लेकरू जागं झालं होतं, बिस्किट चघळत होतं. "कुठवर जायचंय ताई?" मी विचारलं.

"पनवेल," ती म्हणाली, आणि मला उतरायला जागा व्हावी म्हणून पिशवी जवळ ओढून घेतली.